पेशींचा स्पर्श, माणसांचा स्पर्श



महावीर जन्मकल्याणकानिमित्त चिंचवडमध्ये रक्तदान शिबिर होते. दुपारी दोनच्या सुमारास गर्दी ओसरली, तेव्हा एक भगिनी बराच वेळ दाराशी थांबलेल्या दिसल्या. रक्तदान करायचे आहे का, असे विचारले, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. कार्यकर्ते जेवायला गेल्यावर त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, आमच्या सासूबाईंचे वर्षीतप आहे. अक्षय्य तृतीयेला पारणे. घरातले सगळे त्यांना इक्षुरस देणार. माझा पुतण्या चाकणला कंपनीत आहे, आमच्याकडेच राहतो. त्याला एचआयव्ही आहे. त्याने आजीला रस दिला तर चालेल का?”

हळूहळू बाकीचे कळत गेले. वर्षभरापूर्वी ताप हटेना म्हणून त्याची तपासणी झाली होती. औषधे वेळच्या वेळी चालू होती, वजन पूर्ववत झाले होते, कामावरही तो नियमित जात होता. घरात मात्र त्याचे ताट वेगळे होते. पेल्याच्या बुडाला खूण केलेली होती. टॉवेल वाळायला वेगळी दोरी होती. “आम्ही कोणी त्याला बोलत नाही हो,” त्या म्हणाल्या, “तो स्वतःच आपले ताट घासून बाजूला ठेवतो.” लागण कशी झाली, हे मी विचारले नाही. समोरच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नव्हता.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी तेथेच एका शब्दात दिले, आणि ते उत्तर ‘हो’ असे होते. परंतु ज्या भीतीने वर्षभर घरात मुक्काम केला आहे, ती डॉक्टरांच्या एका ‘हो’ने जात नाही. तिला कारण कळावे लागते. म्हणून त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील गाळून, या महिन्याचा लेख त्या कारणासाठी लिहीत आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. नव्वदच्या दशकात, मी नुकताच या व्यवसायात आलो होतो तेव्हा, अशाच एका रुग्णाची नाडी पाहताना मी हातांत दोन-दोन हातमोजे चढवले होते. पुस्तकात काय लिहिले आहे ते मला ठाऊक होते, तरीही चढवले. त्या माणसाने माझ्या हातांकडे पाहिले आणि मग मान खिडकीकडे वळवली. त्यामुळे त्या भगिनींना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. जे मला उशिरा उमगले, तेच येथे मांडतो.

विषाणू चिकटतो कोठे?

एचआयव्ही हा विषाणू इतका सूक्ष्म आहे की, एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यांतील एका भागाहून तो किंचितच मोठा भरेल. तो खात नाही, श्वास घेत नाही, स्वतःहून हलतही नाही. आपल्यासारखे दुसरे विषाणू घडवण्याची यंत्रसामग्री त्याच्यापाशी नसते; ती त्याला जिवंत पेशीत शिरूनच वापरता येते. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात १९५० च्या दशकापासून पेनिसिलिन तयार होऊ लागले, हे आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल. पेनिसिलिन जिवाणूंची भिंत धड उभी राहू देत नाही. विषाणूला अशी भिंतच नसल्यामुळे ते औषध त्याच्यापुढे निरुपयोगी ठरते. त्याला अडवायचे, तर तो पेशीत शिरतो कसा आणि शिरल्यावर करतो काय, हे पाहावे लागते.

आपल्या रोगप्रतिकारक यंत्रणेत ‘मदतनीस टी-पेशी’ नावाच्या पेशी असतात. बहुतांशी त्या स्वतः लढत नाहीत. कोणाविरुद्ध लढायचे, किती जोराने लढायचे आणि केव्हा थांबायचे, याचे निरोप त्या इतर पेशींना देतात. कारखान्यातील पर्यवेक्षक गैरहजर असला की यंत्रे आणि कामगार जागेवर असूनही काम विस्कळीत होते. तसेच या पेशी घटल्या की शरीराचे होते. या पेशींच्या पृष्ठभागावर ‘सीडी-४’ नावाचे प्रथिन असते. एचआयव्ही त्यालाच पकडतो, हे १९८४ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. रुग्णांच्या तोंडी असलेला ‘सीडी-फोर काउंट’ म्हणजे रक्तातील याच पेशींची मोजणी. निरोगी माणसात ती एका घनमिलिमीटरमागे साधारण ५०० ते १,५०० असते. २०० च्या खाली गेली की क्षयरोगासारखे आजार सहज डोके वर काढतात.

तथापि केवळ सीडी-४ वर विषाणूचे भागत नाही, असे पुढे लक्षात आले. बँकेतील लॉकर आपण सर्वांनी पाहिला आहे. एक किल्ली बँकेची, दुसरी आपली. दोन्ही फिरल्याशिवाय दार उघडत नाही. पेशीच्या दारालाही असे दुसरे कुलूप असते. ते १९९६ मध्ये सापडले. बहुतेक वेळा ते ‘सीसीआर-५’ नावाचे प्रथिन असते, काही वेळा ‘सीएक्ससीआर-४’ नावाचे. भारतात जो विषाणू प्रामुख्याने आढळतो तो ‘सी’ उपप्रकाराचा, आणि तो मुख्यत्वे सीसीआर-५ चाच आश्रय घेतो.

विषाणूच्या अंगावर जेमतेम डझन-दीड डझन खुंट्या असतात. त्या खुंटीचा वरचा भाग म्हणजे ‘जीपी-१२०’ आणि मुळाशी दडलेला भाग ‘जीपी-४१’. जीपी-१२० प्रथम सीडी-४ ला घट्ट धरते. धरताच तिचा आकार बदलतो आणि आतापर्यंत झाकलेला एक भाग उघडा पडतो. तो भाग सीसीआर-५ ला जाऊन भिडतो. ही दुसरी किल्ली फिरली की आतील जीपी-४१ स्प्रिंगसारखे उसळते, त्याचे टोक पेशीच्या आवरणात रुतते आणि मग ते स्वतःच दुमडून विषाणू व पेशी यांना एकमेकांजवळ ओढून आणते. दोघांचीही आवरणे स्निग्ध पदार्थांची असतात. तेलाचे दोन थेंब जवळ आले की जसे एक होतात, तशी ती आवरणे एक होतात आणि विषाणूतील ऐवज पेशीत उतरतो.

त्यानंतर विषाणू आपल्या आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करतो आणि ती पेशीच्या स्वतःच्या डीएनएत जोडून टाकतो. आपल्या खातेवहीत दुसऱ्याने एक नोंद घुसवावी आणि मुनीमजींनी ती आपलीच समजून रोज उतरवत राहावे, असा हा प्रकार आहे. काही पेशींत ही नोंद वर्षानुवर्षे मूक पडून राहते. औषधे विषाणूला पूर्ण दाबून टाकतात, तरी मुळासकट काढू शकत नाहीत, याचे मुख्य कारण या मूक पेशी होत.

दुसऱ्या कुलपाचे महत्त्व किती, हे एका उदाहरणावरून पटेल. युरोपीय वंशाच्या सुमारे १ टक्का लोकांत सीसीआर-५ च्या जनुकातील ३२ अक्षरे दोन्ही बाजूंनी, म्हणजे आईकडून आणि वडिलांकडून, गळालेली असतात. त्यांच्या पेशींवर हे कुलूप नसतेच, आणि सीसीआर-५ वापरणारा विषाणू त्यांच्या दारावरूनच परत फिरतो. टिमोथी रे ब्राउन या एचआयव्हीबाधित रुग्णाला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा बर्लिनमधील डॉक्टरांनी २००७ मध्ये त्याला अशाच एका दात्याच्या मूळपेशी दिल्या. एचआयव्ही त्याच्या शरीरातून पुन्हा उठला नाही. हा उपाय अत्यंत जोखमीचा असल्याने सर्वांसाठी नाही. आणि भारतीयांत हा जनुकीय बदल फारच विरळा आढळतो. मात्र कुलूप नसेल तर चोर हतबल होतो, हे त्यातून सिद्ध झाले.

पेशींचा स्पर्श

विषाणू एका पेशीतून सुटतो, रक्तात तरंगत राहतो आणि योगायोगाने दुसरी पेशी गाठतो, असे चित्र पुष्कळांच्या मनात असते. असे घडतेही. परंतु लसिकापेशींचे मुख्य वस्तीस्थान रक्त नव्हे. शरीरातील अशा पेशींपैकी सुमारे २ टक्केच कोणत्याही वेळी रक्तात असतात. बाकीच्या मान, काख, जांघ येथील लसिकाग्रंथींत, प्लीहेत आणि आतड्याच्या अस्तरात दाटीवाटीने राहतात. विषाणूचा खरा संसार त्या दाटीत चालतो.

त्या दाटीत पेशी एकमेकींना सतत स्पर्श करत असतात. त्यांचे कामच तसे आहे. एक पेशी दुसरीला टेकते, ‘हे परके प्रथिन पाहा’ असे दाखवते, निरोप देते आणि पुढे जाते. स्पर्श हीच त्यांची भाषा. एचआयव्हीने नेमकी हीच भाषा आपल्या कामी लावली आहे.

बाधित पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूची जीपी-१२० उगवू लागते. शेजारून जाणाऱ्या निरोगी टी-पेशीवर सीडी-४ असते. दोघींची गाठ पडली की जीपी-१२० सीडी-४ ला धरून ठेवते. एरवी क्षणभर टेकून पुढे सरकणाऱ्या पेशी आता एकमेकींना चिकटून राहतात. पेशींना परस्परांशी धरून ठेवणारी नेहमीची प्रथिनेही तेथे गोळा होतात आणि मिठी अधिक घट्ट होते. मग बाधित पेशीचा आतील सांगाडा त्या जोडाच्या दिशेने वळतो, नवे विषाणू तेथेच तयार होऊन मधल्या अरुंद फटीत उतरतात आणि समोरच्या पेशीत शिरतात. २००४ मध्ये एचआयव्हीच्या संदर्भात या जोडाचे सविस्तर वर्णन झाले. मज्जापेशींच्या जोडाला जो शब्द वापरतात, त्यावरूनच त्याला नाव मिळाले. मराठीत ‘विषाणूसंधी’ म्हणता येईल. २००९ मध्ये न्यूयॉर्क व कॅलिफोर्नियातील संशोधकांनी हिरवा प्रकाश देणारे विषाणू घडवून हा सारा व्यवहार सूक्ष्मदर्शकाखाली चित्रित केला. हिरवे ठिपके जोडापाशी जमताना आणि पलीकडच्या पेशीत जाताना त्यात स्पष्ट दिसतात.

हा मार्ग विषाणूला फार सोयीचा आहे. मोकळ्या रक्तात तरंगताना त्याला प्रतिपिंडे गाठू शकतात; दोन पेशींच्या फटीत पोहोचणे त्यांना अवघड जाते. शिवाय एकेकटा विषाणू अनेकदा अयशस्वी होतो. येथे मात्र पुष्कळ विषाणू एकदम पलीकडे जातात आणि एखादा तरी साधतोच.

आणखी एक प्रकार याहून चमत्कारिक आहे. आपल्या त्वचेखाली आणि श्लेष्मल अस्तरात डेंड्रिटिक पेशी पहारा देतात. झाडाच्या फांद्यांसारखे हात पसरून त्या परके पदार्थ टिपतात आणि ओळख पटवण्यासाठी लसिकाग्रंथीत नेऊन टी-पेशींना दाखवतात. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००० साली दाखवले की, एचआयव्ही या पेशींच्या हाताला चिकटून बसू शकतो. पहारेकरी त्याला पकडून चौकीवर घेऊन जातो. आणि चौकीवर तर त्याला हव्या असलेल्या टी-पेशींचीच गर्दी असते.

यातून मरतात त्या सगळ्याच पेशी विषाणूने पूर्णपणे ताब्यात घेतलेल्या नसतात. सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेल्या कामानुसार, लसिकाग्रंथीत मरणाऱ्या बहुसंख्य टी-पेशींत विषाणूचे काम अर्धवट राहिलेले असते. आत काहीतरी बिघडल्याची जाणीव होताच ती पेशी स्वतःलाच फोडून घेते. फुटताना ती दाहकारक द्रव्ये बाहेर टाकते, त्यांच्या हाकेने आणखी टी-पेशी धावून येतात आणि त्याही त्याच फेऱ्यात सापडतात. बचावासाठी दिलेली हाकच हानी वाढवते.

भोसरीतील संस्था

हे संशोधन परदेशांतले असले, तरी एचआयव्हीवर मोलाचे काम करणारी एक संस्था आपल्या अगदी शेजारी आहे. भोसरी एमआयडीसीत यंत्रांच्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांमधून जाताना अनेकांनी तिची पाटी पाहिली असेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ऑक्टोबर १९९२ मध्ये स्थापन केलेली ती राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’. अलीकडे तिचे नाव बदलले आहे. पण लोकांच्या तोंडी ‘नारी’च आहे. भारतातील पहिली एड्स प्रतिबंधक लसचाचणी २००५ मध्ये येथेच सुरू झाली. ती लस यशस्वी झाली नाही. जगभरातील इतर प्रयत्नांनाही अद्याप पुरेसे यश आलेले नाही. कारण जीपी-१२० वर साखरेचे जाड पांघरूण असते आणि तिची घडण सतत बदलत राहते.

या संस्थेच्या कामातील दोन निष्कर्ष प्रत्येक कुटुंबाने माहीत करून घ्यावेत असे आहेत.

पहिला निष्कर्ष १९९७ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या स्त्रियांची तपासणी केली होती. कोविडच्या काळात दूरचित्रवाणीवर दिसणारे हेच ते डॉ. गंगाखेडकर. तपासलेल्यांपैकी ३९१ स्त्रिया देहविक्रय न करणाऱ्या होत्या. त्यांतील बहुतेक विवाहित, आणि पतीखेरीज कोणाशीही संबंध न आलेल्या. तरीही त्या ३९१ पैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. हा आकडा चिकित्सालयात तक्रार घेऊन आलेल्या स्त्रियांचा आहे, सर्व समाजाचा नव्हे. परंतु ‘चांगल्या घरात हे होत नाही’ या समजुतीला त्याने कायमचा धक्का दिला. विषाणू पेशीवरचे कुलूप पाहतो. माणसाचे चारित्र्य, घराणे किंवा संप्रदाय त्याला दिसत नाही. त्या स्त्रियांचा दोष कोणता होता, हे आपण स्वतःलाच विचारावे.

दुसरा निष्कर्ष आशेचा आहे. ९ देशांतील १,७६३ जोडप्यांचा एक मोठा अभ्यास झाला, त्यात पुण्याची ही संस्थाही सहभागी होती. प्रत्येक जोडप्यात एक जण बाधित आणि दुसरा निरोगी होता. एका गटातील बाधितांना औषधे लगेच सुरू केली, दुसऱ्या गटात त्या काळच्या रिवाजानुसार प्रतिकारशक्ती घटेपर्यंत थांबले. २०११ मध्ये निष्कर्ष आले. बाधित जोडीदाराकडूनच लागण झाल्याचे सिद्ध झालेल्या २८ घटनांपैकी केवळ एक घटना लगेच औषध घेणाऱ्या गटात घडली होती. धोका ९६ टक्क्यांनी कमी झाला होता. पुढील वर्षांतील अभ्यासांनी हे अधिक पक्के केले. औषधे नियमित घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आहे आणि तसाच राहिला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही.

असे का होते, हे आता आपल्या ध्यानात येईल. काही औषधे विषाणूला आपली नक्कल उतरवू देत नाहीत, काही ती नक्कल पेशीच्या डीएनएत जोडू देत नाहीत. सीसीआर-५ चे कुलूप झाकणारे औषधही निघाले आहे. नव्या पेशी बाधित होणे थांबले की पेशींमधील ती घातक मिठीही थांबते. मूक पेशी मात्र शिल्लक असतात. औषध बंद केले की काही आठवड्यांतच त्यांतून विषाणू पुन्हा उठतो. म्हणून गोळी रोज आणि आयुष्यभर घ्यायची. मधूनमधून डोस चुकवले, तर औषधाला न जुमानणारे विषाणू तयार होतात. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली, आणि २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, प्रत्येक बाधिताला ती मिळतात. आपल्याकडे पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात त्यासाठीचे केंद्र आहे.

माणसांचा स्पर्श

आता त्या वेगळ्या ताटाकडे येऊ. विषाणूला पुढे जायचे, तर तो पुरेशा संख्येने आणि कार्यक्षम अवस्थेत, सीडी-४ व सीसीआर-५ असलेल्या जिवंत पेशींपर्यंत पोहोचला पाहिजे. असे मार्ग मोजके आहेत: असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त किंवा सुई, आणि बाधित मातेकडून गर्भारपणी, प्रसूतीत वा स्तनपानातून बाळाला. या शेवटच्या मार्गावरही औषधांनी मोठा विजय मिळवला आहे. मातेने वेळेवर उपचार घेतले तर बाळाला होणारा धोका ५ टक्क्यांच्या खाली आणता येतो.

ताटात, पेल्यात, टॉवेलात या पेशी नसतात. उघड्यावर विषाणूचे नाजूक आवरण टिकत नाही. लाळेतून, घामातून, अश्रूंतून, खोकल्यातून लागण होत नाही. हाताच्या धड त्वचेचा वरचा थर मृत पेशींचा असतो. तेथे दार नाही आणि कुलूपही नाही. डासांविषयी पुष्कळ जण विचारतात. डेंग्यूचा विषाणू डासाच्या शरीरात वाढतो. एचआयव्हीला लागणारे कुलूप डासाच्या पेशींवर नसते, म्हणून तो डासात वाढू शकत नाही आणि डासामार्फत पसरतही नाही. एका ताटात जेवणे, एका पलंगावर झोपणे, लहान मुलांना कडेवर घेणे, आजारात सेवा करणे, यांपैकी कशानेही एचआयव्ही होत नाही.

शरीराच्या आत हा विषाणू पेशींच्या एकमेकींना होणाऱ्या स्पर्शातून पसरतो. माणसांच्या एकमेकांना होणाऱ्या स्पर्शातून मात्र तो पसरत नाही. आपण नेमके उलटे करून बसलो आहोत. आतील मिठी सोडवणारी गोळी चुकू नये म्हणून माणसाला धीर हवा, घर हवे. आणि आपण त्याचा हात सोडतो. ज्याला लपून गोळी घ्यावी लागते, त्याची गोळी चुकते. कंपनीतील पाळीच्या वेळी खिशातील डबी कोणी पाहील, खोलीतील सोबती विचारेल, नातेवाईक आले आहेत म्हणून आज राहू दे, असे करत डोस सुटतात. वेगळे ठेवलेले ताट कोणाचेही रक्षण करत नाही. ज्याचे ते ताट आहे, त्याच्या उपचाराला मात्र ते धक्का लावते. पाण्यातील सूक्ष्म जीवालाही इजा होऊ नये म्हणून आपण पाणी गाळून पितो. घरातील माणसाच्या मनाची इजा आपल्या नजरेतून सुटते, याचा विचार व्हावा.

विवाहाविषयी दोन शब्द. आपल्या अंकातील वधूवर परिचयाची पाने पाहताना मला डॉ. सुनीती सोलोमन यांची आठवण होते. त्या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. १९८६ मध्ये भारतातील एचआयव्हीची पहिली प्रकरणे त्यांच्याच पथकाने शोधून काढली. पुढे त्यांनी बाधित तरुण-तरुणींचे परस्परांशी विवाह जुळवून देण्याचे कामही आवडीने केले. औषधांवर असलेला माणूस काम करू शकतो, संसार करू शकतो, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला निरोगी अपत्यही होऊ शकते. जोडीदाराला विवाहापूर्वी सत्य सांगितलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु सत्य सांगणाऱ्याची बातमी गावभर होणार असेल, तर सत्य सांगायला कोण धजेल?

कायदाही या बाजूने उभा आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार नोकरीसाठी किंवा उपचारासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही, बाधित असल्याच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही आणि संमतीविना कोणाची स्थिती उघड करता येत नाही. चाकण, तळेगाव, भोसरी येथे ज्यांचे स्वतःचे उद्योग आहेत, अशा आपल्या बांधवांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

व्यवहारातील काही सूचना देतो. शंका असेल तर सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात जावे. चाचणी मोफत आणि गुप्त असते. लागणीनंतर काही आठवडे चाचणी नकारार्थी येऊ शकते, म्हणून तज्ज्ञ सांगतील तेव्हा ती पुन्हा करावी. सुई टोचणे किंवा तत्सम प्रसंग घडला, तर प्रतिबंधक औषध जितके लवकर तितके चांगले, आणि ७२ तासांच्या आत सुरू झालेच पाहिजे. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १०९७ आहे. तसेच एक विनंती: स्वतःची तपासणी व्हावी या हेतूने रक्तदान शिबिरात कोणीही येऊ नये. दात्याचे रक्त तपासले जाते हे खरे. पण लागण अगदी ताजी असेल तर ती निसटू शकते, आणि ते रक्त एखाद्या बालकाला दिले जाऊ शकते. निरोगी दात्याला मात्र रक्तदानाने एचआयव्हीचा कसलाही धोका नाही. सुई दर वेळी नवीन असते.

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी त्या भगिनींचा फोन आला. पारणे निर्विघ्न पार पडले होते. पुतण्या आदल्या दिवशी म्हणाला होता, “काकी, उद्या माझी पहिली पाळी आहे, मी नसेन.” त्याला पहिली पाळी नव्हती, हे घरात सर्वांना ठाऊक होते. शेवटी आजींनीच निरोप पाठवला की, तो येईपर्यंत मी पारणे करणार नाही. त्याने पेला पुढे केला तेव्हा त्याचा हात थरथरत होता, आणि आजींनी पेल्याबरोबर त्याचा हातही धरला. एक नातेवाईक जेवायला न थांबता निघून गेले, हेही त्यांनी सांगितले. पेल्याच्या बुडाची खूण अजून आहे. ती घासून जात नाही. “पण आता तो पेला कोणाच्याही ताटाशी येतो,” असे त्या म्हणाल्या.

जय जिनेंद्र.